अर्धं माझ्याकडे, अर्धं तिच्याकडे

मित्रांनो, मुंगीच्या आईच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडलात, तर एका जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली मी तुम्हाला सापडेन. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आकाराने लहानशा पुस्तकाएवढी, पण हातात घेतलीत तर वाटेल, ह्या पुस्तकात कुणी शिसं भरलंय. शेजारच्या मोज्यात माझी बहीण आहे. ती आता बोलत नाही. त्यामुळे दोघींची हकिगत मलाच सांगावी लागणार.

आधीच एक कबुली देते. मी जन्माची भित्री आहे. माझ्या पोटात आरशासारख्या तबकड्या आहेत. त्या मिनिटाला हजारो वेळा गरगर फिरतात आणि त्यांच्यावर एक बारीक सुई तरंगते. तबकडी आणि सुई यांच्यामध्ये केससुद्धा मावणार नाही. सुई तबकडीला टेकायची नाही, एवढाच आमचा धर्म. टेकली की त्या जागेवरचं सगळं खरवडून गेलं. अशी घडण असल्यावर अंगात शूरपणा येणार कुठून? कुणी दार आपटलं तरी माझी सुई दचकायची.

कारखान्यात मात्र आमचे फार लाड झाले. पांढऱ्या कपड्यांतल्या, डोळ्यांखेरीज सगळं झाकलेल्या बायका आम्हाला दोन्ही हातांनी उचलत, तान्ह्या बाळाला उचलावं तसं. बहीण माझ्यामागून लगेचच तयार झाली. तिचा नंबर माझ्या नंबरापेक्षा एकाने पुढचा. आम्हाला एका खोक्यात घातलं, मध्ये फोमची भिंत. अंधारात कितीतरी दिवस प्रवास केला आणि शेवटी ज्या घरात खोकं उघडलं, तिथे पहिला आवाज ऐकला तो मुंगीच्या श्वासाचा.

मुंगी तेव्हा चार महिन्यांची होती. दिवस भरायच्या आधीच जन्मली, मुंगीएवढी, म्हणून हे नाव. तिच्या श्वासाला आवाज होता. आत घेताना बारीक शीळ वाजल्यासारखा, आणि गळ्याखाली दोन हाडांच्या मध्ये एक खड्डा पडायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वासनळीच्या तोंडाशी एक मऊ भाग आहे, तो श्वासाबरोबर आत ओढला जातो. बहुतेक मुलांचं वाढता वाढता आपोआप बरं होतं, काहींना छोटं ऑपरेशन करावं लागतं.

"इथे ती रडते, आणि रडताना खरा श्वास दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "घरी शांत झोपलेली असताना व्हिडिओ काढत जा. दर आठवड्याला एक. सहा-सात महिन्यांनी सगळे ओळीने लावून बघू. खड्डा वाढतोय की भरतोय, त्यावरून ठरवू."

मुंगीच्या आईला आठवड्याला एक पुरतोय थोडाच. ती रोज काढायची. एका दुपारी मुंगीचे ओठ निळसर दिसले. आईने एका हाताने तिला कुशीवर वळवलं आणि दुसऱ्या हाताने फोन धरला. फोनने पाटी दाखवली, जागा संपली. मुंगीचा रंग क्षणात परत आला, आईचा संध्याकाळपर्यंत आला नाही. त्याच आठवड्यात आम्हा दोघी बहिणींना आणि आम्हाला ठेवायच्या काळ्या पेटीला घरी आणलं गेलं.

पेटी मांडायचं काम मुंगीच्या बाबाकडे होतं. तो लिफ्टची देखभाल करायचा. उंच उंच इमारतींमध्ये लिफ्टच्या माथ्यावर उभं राहून दोर तपासायचा. यंत्राला हात लावायला त्याला कधी भीती वाटली नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्याने आम्हाला पेटीत सरकवलं, चार स्क्रू पिळले आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर प्रश्न आला, ह्या दोघींना काम काय द्यायचं? एक पर्याय असा, की एकीवर जे लिहायचं तेच दुसरीवर, म्हणजे जागा एकीचीच मिळणार. दुसरा असा, की दोघींची मिळून एकच मोठी जागा.

"अर्धी जागा वाया घालवायची म्हणजे काय?" तो म्हणाला. "दोन कशाला आणल्या मग?"

"पण एक बिघडली तर?" मुंगीची आई खांद्यावर मुंगीला थोपटत मागे उभी होती.

"अगं, लिफ्टला काय एकच दोर असतो? चार-पाच असतात. सगळे मिळून वजन उचलतात आणि एखादा तुटला तर बाकीचे धरून ठेवतात. तसंच हे. दोघी मिळून उचलतील. एक गेली तर दुसरी आहेच."

"नक्की ना?"

"तू लिफ्टमध्ये बिनधास्त चढतेस ना रोज?"

"मी जिन्याने जाते."

नाना हसले. नाना म्हणजे मुंगीचे आजोबा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते शेंगा सोलत होते. "तिला काय विचारतोस? ती पाण्याचा पेलासुद्धा टेबलाच्या कडेपासून वीतभर आत सरकवून ठेवते."

"पुस्तिकेत काय लिहिलंय ते तरी वाच," ती म्हणाली.

"पुस्तिका घाबरवायलाच लिहिलेली असते. तुझ्या मनातल्या भीतीपुढे तुला ती अंगाई वाटेल." आणि त्याने दुसरा पर्याय दाबला.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. पण डिस्कला तोंड नसतं. दोराचं काम वजन धरायचं, सांगितलेलं लक्षात ठेवायचं नव्हे. प्रत्येक दोर अख्खा असतो. आम्हा दोघींमध्ये मात्र कुणीच अख्खं राहिलं नाही. फोटो काय, गाणं काय, आमच्या लेखी ती आकड्यांची एक लांबच लांब माळ असते. त्या दिवसापासून माळेचा एक तुकडा माझ्याकडे, पुढचा बहिणीकडे, त्याच्या पुढचा पुन्हा माझ्याकडे, असं वाटप सुरू झालं. दोघी एकदम बोललो तरच चित्र दिसणार. एकीने तोंड मिटलं की दुसरीची नुसती बडबड. जागा दुप्पट झाली होती खरी, पण धोकाही दुप्पट झाला होता, आणि हे त्या घरात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

सुरुवातीचे महिने कौतुकाचे गेले. बाबाने सिनेमे भरले, लग्नाचं चित्रीकरण भरलं. पाहुणा आला की आम्हाला दाखवायचा. "अख्खं घर मावलंय यात." रोज दुपारी मुंगी झोपली की आई तिच्या श्वासाचा व्हिडिओ आमच्याकडे पाठवायची. तारीख, वेळ, कुठल्या कुशीवर, दूध पिऊन किती वेळ झाला, सगळं नावात लिहून. मग फोनमधून तो पुसायच्या आधी तिचं बोट अधांतरी थांबायचं. ती पेटीवरचा व्हिडिओ उघडायची, शेवटपर्यंत बघायची, आणि तेव्हा कुठे फोनमधला पुसायची. दर वेळी आम्ही दोघी जीव मुठीत धरून आपापले तुकडे पुढे करायचो. एकदाही चुकलो नाही. ती निर्धास्त व्हायची, आणि मला तेच बघवायचं नाही.

मग नानांनी सहा कॅसेट आणल्या. त्यात मुंगीच्या आजीचं गाणं होतं. आजी मुंगी जन्मायच्या आधीच गेली होती. ती कुठे कार्यक्रमात वगैरे गायची नाही. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना गायची, आणि नाना टेपरेकॉर्डर हळूच दाराआड ठेवायचे. फीत जागोजागी चिकटली होती. बाबाने कुणाकडून तरी जुना टेपरेकॉर्डर आणून, चार सुट्ट्या घालवून, ते सगळं आमच्यात उतरवलं. शेवटच्या कॅसेटची फीत उतरवून होताहोता तुटलीच.

"आता ह्यांचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"टाकून दे," नाना म्हणाले. "पेटीत आहे ना सगळं? मला मेलीच्या अस्थी सांभाळत बसायला सांगू नकोस."

कॅसेट कचऱ्यात गेल्या. मी रात्रंदिवस फिरत होते, तरी त्या दिवशी मला थंडी वाजली.

त्यातच मुंगी रांगायला लागली आणि पेटीकडे झेपावायला लागली. म्हणून आईने आम्हाला कपाटात टॉवेलांच्या घड्यांमध्ये नेऊन ठेवलं. मऊ होतं, पण वारा नव्हता. पेटीवर एक दिवा होता. सगळं ठीक असलं की हिरवा, नसलं की तांबडा. तो लुकलुकून मुंगीची झोप मोडायचा, म्हणून आईने त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. तिने सगळं मुंगीसाठीच केलं. आम्ही मात्र आत उकडत राहिलो, आणि दिवा तांबडा झाला तेव्हा तो कुणाला दिसला नाही.

मुंगी अकरा महिन्यांची झाली. डॉक्टरांकडे जायचा गुरुवार ठरला. त्याआधीच्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मुंगी झोपली होती आणि आई तिच्या उशाशी जिवाचा कान करून बसली होती. एकाएकी ती उठली.

"नाना, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"मला तुझी हाकसुद्धा तिसऱ्यांदा ऐकू येते."

"टक टक असं. थांबतंय, परत येतंय. कालपर्यंत हा आवाज नव्हता."

"घड्याळ असेल. पोरी, तुला भिंतीचाही श्वास ऐकू येतो."

ते घड्याळ नव्हतं. माझ्या बहिणीची सुई वाट चुकत होती. ती तुकडा शोधायला जायची, सापडायचा नाही, मागे येऊन कडेला आपटायची, पुन्हा जायची. मी माझा तुकडा हातात घेऊन तिची वाट बघायची. आईने कपाट उघडलं, टॉवेल भसाभसा बाहेर फेकले आणि पेटीवर हात ठेवला. हात झटकन मागे आला. मग तिने नखाने चिकटपट्टी खरवडून काढली. तांबड्या दिव्याचा उजेड तिच्या बोटांवर पडला.

"ही पट्टी मीच लावली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे.

जिथून पेटी घेतली त्या दुकानातल्या बाईंना तिने फोन लावला. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"बंद करू नका," बाई म्हणाल्या. "बंद केलीत तर परत उठेलच असं नाही. टेबलफॅन असेल तर समोर लावा. आणि मला सांगा, एकीची प्रत दुसरीवर आहे, की दोघी मिळून एक केल्यात?"

आईने बाबाला फोन केला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या माथ्यावर उभा होता. "मिळून एक केलंय," तो म्हणाला. "म्हणजे चांगलंच आहे ना, दुसरी आहे."

तिने तेच बाईंना सांगितलं.

"ताई, मग दुसरी नाहीये," बाई म्हणाल्या. "एक गेली की दोघींवरचं गेलं. सगळं एकदम उतरवायला जाऊ नका, अर्ध्यात अडकेल. जे सगळ्यात हवं असेल ते आधी घ्या. एकेक."

आईचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती लगेच कामाला लागली. आयुष्यभर घाबरायची सवय असलेल्या माणसाचं असं होतं बघा. खरी वेळ येते तेव्हा त्याची तालीम झालेली असते. तिने बाबाला नवी डिस्क घेऊन यायला सांगितलं, लॅपटॉप जोडला आणि त्यात होईल तेवढी जागा केली. डॉक्टरांना दाखवायचे एकतीस व्हिडिओ तिने आधीच निवडून वेगळे ठेवले होते. पहिला उतरवायला घेतला. एरवी त्याला चार-पाच सेकंद लागले असते. सहा मिनिटं लागली.

नाना दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना निम्मं ऐकू आलं होतं आणि उरलेलं तिच्या पाठीकडे बघून कळलं होतं.

"नाना," ती मागे न बघता म्हणाली, "तुमच्या कॅसेटसुद्धा ह्यातच आहेत."

"ठाऊक आहे."

"आधी त्यातली एखादी घेऊ का? एखादी तरी..."

"मुंगीचे किती राहिलेत?"

"तीस."

"मग तीस झाल्यावर."

"तोपर्यंत हे टिकेल की नाही सांगता येत नाही, नाना."

"म्हणून तर म्हणतोय," ते म्हणाले. "आधी तीस."

त्यांनी स्टूल ओढलं आणि पंख्याचं तोंड आमच्याकडे नीट वळवून तिथेच बसले. मुंगी मधे उठली, रडली. नानांनी तिला मांडीवर घेतलं आणि बसल्या जागी हलवत राहिले.

मित्रांनो, त्या तासांइतकी मी कधी घाबरले नाही. एकेका तुकड्यासाठी बहीण दहा-दहा वेळा जायची. टक, टक, आणि मग सापडायचा. बारा झाले. अठरा झाले. एकविसाव्याला, किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अशी काही अडकली, की आईने डोळे मिटून घेतले. अकराव्या मिनिटाला ती पुढे सरकली. दुपारी तीन वाजून गेले तेव्हा एकतिसावा उतरला. तिने लगेच लॅपटॉपवरून तो चालवून बघितला. मुंगीची छाती वर झाली, गळ्याखाली खड्डा पडला, शीळ ऐकू आली. सगळं अख्खं होतं.

"आता तुमचं," ती म्हणाली आणि पहिली कॅसेट सुरू केली.

पट्टी एक तृतीयांश भरली. मी माझा पुढचा तुकडा घेऊन तयार होते. बहीण गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिची सुई तबकडीवर टेकली. मी ते ऐकलं. कुणी काचेवरून खिळा ओढावा तसा आवाज, आणि त्यानंतर काही नाही. तिचं फिरणं मंदावत गेलं आणि थांबलं. पडद्यावरून सगळी नावं एकदम गेली. लग्न, सिनेमे, मुंगीचं पहिलं हसू, सहा कॅसेट.

"झालं का?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

त्यांनी मुंगीला तिच्याकडे दिलं. खाली वाकून जमिनीवर पडलेले टॉवेल गोळा केले आणि एकेकाची घडी घालायला लागले.

बाबा नवी डिस्क काखोटीला मारून धापा टाकत आला, तोवर सगळं उरकलं होतं. तो तसाच दारातल्या पायरीवर बसला. "लोकांचे दोर दर महिन्याला तपासतो मी," म्हणाला. "सही करतो त्याखाली." नाना म्हणाले, "हात धू आणि जेवून घे." त्याहून अधिक ते त्याला कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं बाबा पुढे कितीतरी दिवस म्हणायचा.

गुरुवारी डॉक्टरांनी एकतीस व्हिडिओ ओळीने पाहिले. घरी आल्यावर आई ते नानांना सांगत होती, तेव्हा मी टेबलावरच होते. पाचव्या महिन्यातला खड्डा आणि अकराव्या महिन्यातला खड्डा डॉक्टरांनी शेजारी शेजारी लावला होता. आज मी नुसतं मुंगीला तपासलं असतं तर आणखी तीन महिने वाट बघा म्हणाले असते, असं त्या म्हणाल्या. खड्डा वाढलेला बघितल्यावर आता वाट बघायची नाही. दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. मुंगी घरी आली ती बिनआवाजाचा श्वास घेऊन. आता आवाज येत नाही म्हणून आई उठून बघायला जायची.

बहिणीला एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून पाहिलं. तिथून ती चिठ्ठीसकट परत आली. तबकडी खरवडली गेली आहे, काही निघणार नाही. दुकानातल्या बाई म्हणाल्या, आता दोन्ही टाकून द्या. आईने तेव्हा मान डोलावली, आणि घरी येऊन आम्हाला मोज्यांमध्ये घातलं.

घरात आता नवी पेटी आहे, उघड्या फळीवर. तिच्यातल्या दोघी एकमेकींची प्रत आहेत आणि तिसरी प्रत मुंगीच्या मावशीकडे असते. पेटीला दोऱ्याने एक जाड कार्ड बांधलंय, लिफ्टच्या खोलीत असतं तसं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा तिन्हीकडचं काहीतरी उघडून, शेवटपर्यंत चालवून बघतो आणि तारीख घालून सही करतो. आई खाली दुसरी सही करते. तिच्या सहीशिवाय तपासणी झाली असं धरत नाहीत.

मुंगी आता सहा वर्षांची आहे. परवा तिने हा खण उपसला आणि आम्हाला बाहेर काढलं.

"आई, यात काय आहे?"

"आजीचं गाणं."

"ह्याच्यात?"

"अर्धं ह्याच्यात, अर्धं त्याच्यात."

मुंगीने जरा विचार केला. मग मला एका कानाला लावलं, बहिणीला दुसऱ्या कानाला, आणि डोळे मिटून बसली. मी माझ्याकडचे सगळे तुकडे जिवाच्या आकांताने पुढे केले. तिच्या केसांचा वास आला, तिचा श्वास ऐकू आला, सावकाश, बिनआवाजाचा. पलीकडच्या कानाशी माझी बहीण गार पडून होती.

"काहीच येत नाही," मुंगी म्हणाली, आणि नानांना विचारायला पळाली, की आजी कशी गायची. नानांनी म्हणून दाखवलं. सूर पार भलतीकडे गेला. "याच्यापेक्षा बरी," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता काही मागण्याच्या पलीकडे गेले आहे. मला कुणी पुसू नका, पुन्हा फिरवू नका, ह्या खणात मी सुखात आहे. पण ज्याचा आवाज तुम्हाला पुन्हा ऐकायचा आहे, त्याची दुसरी प्रत यंत्र धडधाकट असतानाच करून ठेवा, वेगळ्या जागी ठेवा, आणि ती उघडून ऐका. आहे असं म्हणू नका. ऐका, आणि मग म्हणा.